चौथा आत, तिसरा बाहेर: खंडाच्या फुटबॉल स्पर्धेचं तिकीट नेमकं मिळतं कसं?

२६ मार्च २०२४ ची रात्र. तिबिलिसीत जॉर्जिया आणि ग्रीस १२० मिनिटं झुंजले, पण गोल काही झाला नाही. सामना पेनल्टी शूटआउटवर गेला. नीका क्वेकवेस्किरीनं शेवटची पेनल्टी जाळ्यात धाडली, जॉर्जियानं शूटआउट ४-२ असा जिंकला आणि प्रेक्षक धावत मैदानात शिरले. स्वतंत्र देश झाल्यापासून जॉर्जिया पहिल्यांदाच एखाद्या मोठ्या स्पर्धेला निघाला होता. ती स्पर्धा होती युरो २०२४, म्हणजे जर्मनीत होणारी युरोपातल्या देशांची स्पर्धा.

आता जरा मागे जाऊ. सहाच महिन्यांपूर्वी, त्याच शहरात, स्पेननं याच जॉर्जियाला ७-१ असं धुऊन काढलं होतं. पात्रता फेरीतल्या त्यांच्या गटाचा शेवटचा गुणतक्ता असा होता: स्पेन २१, स्कॉटलंड १७, नॉर्वे ११, जॉर्जिया ८, सायप्रस ०. म्हणजे जॉर्जिया चौथा. नॉर्वे त्यांच्या वर, तेही तीन गुणांनी. दोघांमधले दोन सामने बघितले तर एक १-१ बरोबरीत सुटला आणि दुसरा नॉर्वेनं २-१ जिंकला. नॉर्वेकडे हालांड आणि ओडेगार्डसारखे नावाजलेले खेळाडू होते. तरी जून महिन्यात जर्मनीला गेला तो जॉर्जिया, आणि नॉर्वेचे खेळाडू घरी बसून टीव्हीवर सामने बघत राहिले.

हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी गडबड आहे. गडबड नव्हती. सगळं नियमाप्रमाणे झालं. पात्रता फेरी म्हणजे सरळ शिडी, जो वर चढला तो गेला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पन्नासेक संघ असतात, त्यातले बहुतेक एकमेकांशी खेळतच नाहीत, आणि तरी त्यांच्यातले सरस कोण हे ठरवायचं असतं. त्यासाठी आधीच एक हिशेबाची पद्धत मान्य करून घेतलेली असते. पात्रता समजून घ्यायची तर ती पद्धतच समजून घ्यावी लागते.

खंड म्हणजे कोणता खंड?

फुटबॉलमधला खंड भूगोलाच्या पुस्तकातल्या खंडाशी जुळेलच असं नाही. फिफाच्या छत्राखाली सहा महासंघ आहेत: युरोपचा युएफा, आफ्रिकेचा काफ, आशियाचा एएफसी, उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियनचा कॉनकाकाफ, दक्षिण अमेरिकेचा कॉनमेबॉल आणि ओशनियाचा ओएफसी. ज्या महासंघाचं सदस्यत्व, तो तुमचा खंड. कझाकस्तान २००२ मध्ये आशिया सोडून युरोपात गेला. इस्रायल १९९४ पासून युएफाचा सदस्य आहे. ऑस्ट्रेलिया २००६ मध्ये ओशनियातून आशियात आला आणि २०१५ मध्ये चक्क आशियाई चषक जिंकून बसला.

महासंघ किती मोठा, यावर पात्रता फेरी केवढी हे अवलंबून. युएफाचे ५५ सदस्य, काफचे ५४, एएफसीचे ४७. या तिघांच्या मुख्य स्पर्धेत आज २४-२४ संघ खेळतात, त्यामुळे जवळपास निम्म्या देशांना वाटेतच गाळावं लागतं. कॉनमेबॉलचे सदस्य मात्र अवघे १०. तिथे गाळायचं कोणाला? म्हणून त्यांच्या स्पर्धेला, कोपा अमेरिकाला, पात्रता फेरीच नाही. दहाच्या दहा संघ थेट खेळतात, उलट जागा भरायला १९९३ पासून पाहुणे बोलवावे लागले. २०१९ मध्ये जपान आणि कतार आले होते. २०२४ ची कोपा अमेरिका अमेरिकेत झाली तेव्हा १६ संघ होते: दक्षिण अमेरिकेचे १० आणि कॉनकाकाफचे ६. या सहा पाहुण्यांना मात्र आपल्या खंडाच्या नेशन्स लीगमधून वाट काढत यावं लागलं, आणि कॅनडा व कोस्टा रिकाला त्यातही प्लेऑफ, म्हणजे उरलेल्या जागेसाठीचा निर्णायक सामना, जिंकावा लागला. घरच्यांना पात्रता नाही, पाहुण्यांना आहे, असा उलटा प्रकार.

जागा किती, आणि यजमानाचं काय?

युरो १९६० मध्ये सुरू झाली तेव्हा अंतिम टप्प्यात चारच संघ होते. १९८० ला आठ झाले, १९९६ ला सोळा, २०१६ ला चोवीस. जागा वाढल्या की पात्रता सोपी होते हे खरं, पण आपोआप कोणी आत जात नाही. २०१६ ला चोवीस जागा असूनही नेदरलँड्स बाहेर राहिला होता.

यजमानाला थेट प्रवेश ही आज आपल्याला सवयीची गोष्ट वाटते. पण १९७६ पर्यंत युरोत उलट होतं. आधी चार संघ पात्र ठरायचे आणि मग त्या चौघांतून यजमान निवडला जायचा. १९८० पासून यजमान आधी ठरू लागला आणि त्याला पात्रतेतून सूट मिळाली. युरो २०२० अकरा शहरांत विखुरलेली होती, म्हणून त्या वेळी कोणालाच सूट नव्हती. ५५ च्या ५५ संघ पात्रता फेरी खेळले.

या सुटीची एक किंमतही असते. दोन वर्षं बाकीचे संघ जीव तोडून खेळत असताना यजमान मैत्रीपूर्ण सामने खेळत बसतो आणि मुख्य स्पर्धेत येईतो त्याच्या अंगातली धार गेलेली असते, अशी तक्रार प्रशिक्षक नेहमी करतात. आफ्रिकेनं यावर बरा तोडगा काढला. २०२५ च्या आफ्रिका चषकाचा यजमान मोरोक्को पात्र होताच, तरी त्याला एका गटात घालून खेळायला लावलं. इतर गटांतून दोन-दोन संघ पुढे गेले. मोरोक्कोच्या गटातून त्याच्याशिवाय एकच जाणार होता, आणि तो गॅबन गेला. त्या गटातल्या बाकीच्यांनी काय पाप केलं होतं, हा प्रश्न उरतोच.

पॉट, चिठ्ठ्या आणि गट

संघ गटांत वाटायचे तर नुसत्या चिठ्ठ्या काढून चालत नाही. तसं केलं तर स्पेन, फ्रान्स आणि इंग्लंड एकाच गटात येतील आणि दुसऱ्या गटात सगळे लिंबूटिंबू. म्हणून आधी क्रमवारीनुसार संघांचे थर लावतात. या थराला पॉट म्हणतात. सगळ्यात बलवान संघ पहिल्या पॉटमध्ये, त्याखालचे दुसऱ्यात, आणि असंच खाली. मग प्रत्येक पॉटमधून एकेक चिठ्ठी उचलून गट भरतात. म्हणजे प्रत्येक गटात एक बलाढ्य, एक दमदार, एक मध्यम आणि एक-दोन दुबळे संघ येतात.

हे थर बऱ्याचदा भविष्य सांगून जातात. जॉर्जियाच्या गटात स्पेन पहिल्या फळीतून आला होता, स्कॉटलंड दुसऱ्या पॉटमधून, नॉर्वे तिसऱ्या, जॉर्जिया चौथ्या आणि सायप्रस पाचव्या. आठ-आठ सामने झाल्यावर गुणतक्ता त्याच क्रमानं लागला. म्हणून कोणत्या पॉटमध्ये नाव पडतं, यावर महासंघांची इतकी नजर असते.

चिठ्ठी निघाली म्हणजे गट ठरला, असंही नाही. स्पेन आणि जिब्राल्टर, सर्बिया आणि कोसोव्हो अशा जोड्या युएफा एका गटात येऊच देत नाही. कारण राजकीय आहे. कडाक्याच्या थंडीचे देश आणि फार लांबचे प्रवास एकाच गटात किती असावेत, यावरही मर्यादा असते. त्यामुळे ड्रॉ, म्हणजे चिठ्ठ्यांची सोडत, चालू असताना एखादं नाव निघतं आणि पुढचा गट सोडून भलत्याच गटात जाऊन पडतं. ती लबाडी नव्हे. संगणक या अटी तपासत असतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. गटातल्या प्रत्येकाशी दोन सामने, एक घरच्या मैदानावर, एक परक्या. जिंकलं तर तीन गुण, बरोबरीला एक, हरलं तर शून्य. हे सामने फिफानं ठरवून दिलेल्या खिडक्यांमध्येच होतात, कारण त्या दिवसांत क्लबांना खेळाडू सोडावेच लागतात. म्हणून एक पात्रता फेरी वर्षभर, कधी त्याहून जास्त, तुकड्यातुकड्यांनी चालते.

गुण सारखे झाले तर

खरी गंमत इथून सुरू होते. दोन संघांचे गुण सारखे झाले तर वर कोण? दोन पद्धती आहेत. एक, सगळ्या सामन्यांतला गोलफरक बघायचा: मारलेले गोल वजा खाल्लेले गोल. दुसरी, फक्त त्या दोघांमधले सामने बघायचे. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण त्यावरून देशच्या देश रडलेत.

आधी गोलफरकाची गोष्ट. डिसेंबर १९८३. युरो १९८४ साठी नेदरलँड्सनं आपला शेवटचा सामना माल्टाविरुद्ध ५-० असा जिंकून सगळा हिशेब पूर्ण केला होता. स्पेनचा एक सामना उरला होता, तोही माल्टाशीच, २१ डिसेंबरला सेव्हिलात. जिंकले तर गुण सारखे होणार होते. पण गोलफरक गाठायला अकरा गोलांच्या फरकानं जिंकायचं होतं. सुरुवातीलाच स्पेनच्या सेन्योरनं पेनल्टी वाया घालवली. मध्यंतराला स्पेन ३-१ पुढे होता, म्हणजे उरलेल्या ४५ मिनिटांत नऊ गोल हवे होते आणि एकही खायचा नव्हता. त्यांनी नऊच मारले. बारावा गोल केला तो सेन्योरनंच. १२-१! दोघांचा गोलफरक आता सारखाच, अधिक १६ झाला. पण स्पेननं मारलेले गोल २४ होते आणि नेदरलँड्सचे २२. स्पेन गेला.

आज गटातले शेवटच्या फेरीचे सामने एकाच वेळी सुरू होतात, ते असे प्रकार टाळायलाच. किती गोल लागतील हे आधी कळलं की खेळाचं गणित बिघडतं. आणि युएफानं पुढे युरोच्या पात्रतेत आपसातल्या सामन्यांना आधी महत्त्व दिलं, त्यामागचा विचारही साधा आहे: दुबळ्याला कोणी जास्त चोपलं, यापेक्षा समोरासमोर कोण जिंकलं हे बघणं बरं.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त चटका लावते. ८ ऑक्टोबर २०११, दक्षिण आफ्रिकेतलं नेलस्प्रुइट. २०१२ च्या आफ्रिका चषकाच्या पात्रतेचा शेवटचा सामना, समोर सिएरा लिओन. तिकडे गटातल्या दुसऱ्या सामन्यात इजिप्तनं नायजरला ३-० हरवलं. दक्षिण आफ्रिकेचा संघ शेवटी शेवटी बरोबरीवरच खूश होता, वेळ काढत होता. सामना ०-० सुटला. खेळाडू नाचले, मैदानाला फेरी मारली, टीव्हीवर अभिनंदनं झाली. दक्षिण आफ्रिका ९, नायजर ९, सिएरा लिओन ९, आणि गोलफरक दक्षिण आफ्रिकेचा सगळ्यात चांगला. मग अडचण काय?

अडचण ही की काफचा नियम गोलफरकाचा नव्हताच. तिघांचे गुण सारखे, म्हणून चौथ्या इजिप्तला बाजूला काढायचं आणि तिघांच्या आपसातल्या सामन्यांचा छोटा तक्ता मांडायचा. मांडून बघा. दक्षिण आफ्रिकेनं नायजरला एकदा हरवलं, एकदा त्यांच्याकडून हरले, सिएरा लिओनशी दोन्ही वेळा बरोबरी: ५ गुण. सिएरा लिओननं नायजरला एकदा हरवलं, एकदा हरले, वर त्याच दोन बरोबऱ्या: ५ गुण. नायजरनं दोघांनाही आपल्या घरी एकेकदा हरवलं: ६ गुण. नायजर पहिला. इजिप्तकडून ३-० मार खाऊन नायजर पात्र ठरला आणि नाचणारे घरी बसले. दक्षिण आफ्रिकेच्या संघटनेनं काफकडे दाद मागून पाहिली, नंतर तक्रार मागे घेतली. नियम आधीपासून लिहिलेला होता. कोणीतरी वाचायला हवा होता, एवढंच.

आपसातल्या सामन्यांतही सगळं सारखं निघालं तर मग एकूण गोलफरक, एकूण गोल, परक्या मैदानावरचे गोल असं उतरत जातात. तरीही फरक पडला नाही तर कार्डांची मोजदाद होते: पिवळ्याला एक, लालला तीन, ज्याचे कमी तो वर. एखाद्या बचावपटूनं उगाच घातलेल्या वादाची किंमत अशीही मोजावी लागू शकते.

दुसऱ्या गटातला दुसरा आणि तुमचा दुसरा

गटातली बरोबरी तरी त्याच गटात सुटते. पण कित्येक स्पर्धांत नियम असतो, की सगळे गटविजेते जातील आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघांतले सगळ्यात चांगले काही जातील. आता हे संघ वेगवेगळ्या गटांतले. कोणाचा गट कठीण, कोणाचा सोपा. तुलना करायची कशी?

१४ जून २०२२ ला कोलकात्यात भारत विरुद्ध हाँगकाँग सामना होता. आशियाई चषकाच्या पात्रतेची शेवटची फेरी: चार-चार संघांचे सहा गट, सहा विजेते आणि दुसऱ्या क्रमांकाचे पाच सर्वोत्तम संघ पुढे. सामना सुरू व्हायच्या आधीच बातमी आली की उलानबातारमध्ये पॅलेस्टाइननं फिलिपिन्सला ४-० हरवलंय. फिलिपिन्सचं दुसरं स्थान इतकं कमकुवत झालं, की भारत संध्याकाळी हरला असता तरी पात्रच ठरला असता. चेंडूला पाय लागायच्या आत तिकीट हातात! मग भारतानं ४-० जिंकून गटही जिंकला, ती गोष्ट वेगळी. पुढच्या, म्हणजे २०२७ च्या स्पर्धेसाठी ही सवलत काढून टाकली. सहा गट तेच, पण प्रत्येकातून फक्त पहिला. भारत, हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश यांच्या गटातून सिंगापूर गेला, बाकी तिघे बाहेर.

गटांचा आकार सारखा नसेल तर गुंता आणखी वाढतो. सहा संघांच्या गटात पाचाच्या गटापेक्षा दोन सामने जास्त. मग सहाव्याविरुद्धचे निकाल वजा करून तुलना करतात, म्हणजे सगळे एका मापात येतात. कल्पना चांगली आहे, पण तिच्यामुळे काय होऊ शकतं हे तुर्कस्तानला विचारा.

युरो २०१६ च्या पात्रतेत नऊ गट होते आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांतला एकच, सर्वोत्तम, थेट जाणार होता. १३ ऑक्टोबर २०१५ ला कोन्यात तुर्कस्तानसमोर आइसलँड होता. तुर्कस्तानचे खेळाडू दहाच उरले होते. ८९ व्या मिनिटाला सेलचुक इनाननं फ्री किक थेट जाळ्यात मारली, १-०. तुर्कस्तानचे एकूण गुण १८ झाले. आता तळाच्या संघाविरुद्धचे गुण वजा करायचे होते. पण तळाला कोण, लाटव्हिया की कझाकस्तान? तुर्कस्ताननं लाटव्हियाशी दोन्ही सामने बरोबरीत सोडवले होते आणि कझाकस्तानला दोन्ही वेळा हरवलं होतं. लाटव्हिया तळाला गेला तर वजा २, उरले १६. कझाकस्तान तळाला गेला तर वजा ६, उरले १२. आणि दुसऱ्या गटातला हंगेरी हिशेब करून १५ वर थांबलेला.

म्हणजे तुर्कस्तानचं भवितव्य ठरत होतं दूर रिगामध्ये, लाटव्हिया-कझाकस्तान सामन्यात. या दोन संघांना स्पर्धेत मिळवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. कझाकस्ताननं तो सामना १-० जिंकला. दोघांचे ५-५ गुण झाले, आपसातल्या सामन्यांवर कझाकस्तान वर गेला, लाटव्हिया तळाला. तुर्कस्तान १६ गुणांवर, हंगेरीला एका गुणानं मागे टाकून, थेट पात्र! इनानचा गोल झाला नसता तर नाही, आणि रिगातला झाला नसता तरीही नाही. मी हा हिशेब पहिल्यांदा वाचला तेव्हा कागद-पेन घेऊन दोनदा मांडून बघितला होता.

मागचं दार

आता नॉर्वेकडे परत येऊ. युरो २०२४ मध्ये यजमान जर्मनी सोडून २३ जागा होत्या. दहा गटांतले पहिले दोन-दोन मिळून २० थेट गेले. उरलेल्या तीन जागा प्लेऑफला. आणि या प्लेऑफमध्ये कोण खेळणार, हे पात्रता गटातल्या तिसऱ्या क्रमांकावर ठरतच नव्हतं. ते ठरलं २०२२-२३ च्या नेशन्स लीगवर.

नेशन्स लीग ही युएफाची वेगळी स्पर्धा. तिच्यात संघ ताकदीनुसार ए, बी, सी, डी अशा चार लीगमध्ये विभागलेले असतात, आणि आपल्याच तोलामोलाच्या संघांशी खेळतात. चांगले खेळले तर वरच्या लीगमध्ये बढती, वाईट खेळले तर खाली. या तीन तिकिटांसाठी प्लेऑफ खेळणारे बारा संघ ठरवताना आधी प्रत्येक लीगमधल्या गटविजेत्यांना विचारलं जातं. तो गटविजेता आधीच थेट पात्र झाला असेल तर त्याची जागा त्याच लीगमधल्या पुढच्या क्रमांकाच्या संघाला.

जॉर्जियानं सी लीगमधला आपला गट जिंकला होता, बल्गेरिया आणि नॉर्थ मॅसेडोनियाला मागे टाकून. त्यामुळे पात्रता गटात चौथा आला तरी त्याची प्लेऑफची जागा पक्कीच होती. आणि तिथे लढती सी लीगच्याच संघांशी: आधी लक्झेंबर्ग, मग ग्रीस. नॉर्वे मात्र बी लीगमध्ये होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन दिवसांत नॉर्वे आधी स्लोव्हेनियाकडून आणि मग ओस्लोत सर्बियाकडून ०-२ हरला. गट सर्बियानं जिंकला. पुढे रिकाम्या जागा भरताना बी लीगमधून फिनलंड, युक्रेन आणि आइसलँड आत गेले. त्यांच्या लगेच मागे नॉर्वे होता. रांग तिथेच संपली. म्हणजे नॉर्वेची युरो हुकली ती ओस्लोतल्या त्या रात्री, पात्रता फेरीचा पहिला सामना व्हायला अजून सहा महिने असताना.

यावर खूप आरडाओरड झाली, आणि काही अंशी ती रास्तही आहे. सगळ्यात विचित्र उदाहरण एस्टोनियाचं. पात्रता गटात आठ सामन्यांत एक गुण, तळाचं स्थान, आणि तरी प्लेऑफ! डी लीगचा तो सर्वोत्तम गटविजेता होता आणि वरच्या लीगमध्ये पुरेसे संघच शिल्लक राहिले नव्हते. त्याच गटात तिसरा आलेला स्वीडन बाहेर. एस्टोनिया वॉर्सात पोलंडकडून ५-१ हरला, तेव्हा टीकाकारांना आयताच दाखला मिळाला.

पण दुसरी बाजू बघा. पॉटची पद्धत लहान संघांना कायम मोठ्यांच्या पायाखाली ठेवते. त्याच पात्रता फेरीत जिब्राल्टर फ्रान्सकडून १४-० हरला. असे सामने खेळून कोणता संघ सुधारणार? नेशन्स लीगमध्ये लहान संघाला जिंकण्याजोगे सामने मिळतात आणि जिंकलं तर खरंच काहीतरी मिळतं. जॉर्जियानं पुढे जर्मनीत जाऊन पोर्तुगालला २-० हरवलं आणि बाद फेरी गाठली. मागच्या दारानं आलेला संघ शोभेचा नव्हता, हे त्यानंतर कोणी नाकारलं नाही. माझं मत विचाराल तर दार असावं, फक्त एस्टोनियासारखी फट बुजवावी.

आशियात वेगळं मागचं दार आहे. तिथे विश्वचषकाची आणि आशियाई चषकाची पात्रता सुरुवातीला एकच असते. दुसऱ्या फेरीत चार-चार संघांचे नऊ गट, पहिले दोघे विश्वचषकाच्या पुढच्या फेरीत जातात आणि त्याच वेळी आशियाई चषकालाही पात्र ठरतात. त्यांत जे नसतात त्यांच्यासाठी आशियाई चषकाची वेगळी फेरी. २०२७ साठी असे १८ थेट आणि ६ वेगळ्या फेरीतून. सामने कमी, प्रवास कमी, पण जून २०२४ मधला एक सामना हरलं तर विश्वचषकाचं दार बंद आणि आशियाई चषकाचा थेट रस्ताही बंद.

मैदानाबाहेरचे निकाल

काही वेळा तिकीट पंचांच्या शिट्टीवर ठरतच नाही. युरो १९९२ च्या पात्रतेत युगोस्लाव्हिया गटात पहिला आला होता, डेन्मार्क एका गुणानं मागे. स्पर्धा दहा-बारा दिवसांवर आली असताना संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे युगोस्लाव्हियाला काढलं आणि डेन्मार्कला बोलावलं. त्यांनी अंतिम सामन्यात जर्मनीला २-० हरवून चषकच उचलला.

ऑक्टोबर २०१४ मध्ये बेलग्रेडला सर्बिया-अल्बानिया सामन्यात मैदानावर झेंडा लटकवलेला ड्रोन आला, खेळाडूंत हाणामारी झाली, प्रेक्षक आत शिरले आणि सामना सोडून द्यावा लागला. युएफानं आधी निकाल ३-० असा सर्बियाच्या बाजूनं दिला आणि वर सर्बियाचेच तीन गुण कापले. पुढच्या जुलैत क्रीडा लवादानं तो निकाल फिरवून ३-० विजय अल्बानियाला दिला. गटाच्या शेवटी अल्बानिया १४, डेन्मार्क १२. ते तीन गुण वजा करा, अल्बानिया ११ वर येतो. अल्बानियाची पहिली युरो अशी लवादाच्या निकालावर आली.

पुढची युरो २०२८ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चौघांच्या घरी आहे. चौघांनाही फुकट प्रवेश देणं जास्त झालं असतं, म्हणून चौघेही पात्रता फेरी खेळणार आणि अडलेल्या यजमानांसाठी फक्त दोन जागा राखून ठेवल्यात. तिघे अडले तर त्यांतले सर्वोत्तम दोन निवडायचे. पण चौघांना गट वेगवेगळे मिळणार आहेत, म्हणजे हे यजमान पात्रतेत समोरासमोर येणारच नाहीत. वेल्स बरा की आयर्लंड, हे मग दोन निरनिराळ्या गुणतक्त्यांवरूनच ठरवावं लागेल, आणि त्या तक्त्यांतला एखादा आकडा रिगासारख्याच कुठल्यातरी गावात, ज्यांना त्याचं काही देणंघेणं नाही अशा दोन संघांच्या सामन्यात बदलेल.